कलप, कात्री आणि काटकसर



कुटुंबाच्या सुखदुःखाशी ज्याचा संबंध आहे अशा कोणत्याही विषयास या सदरात मज्जाव नाही. मुलांचे शिक्षण, सासू-सुनांचे संबंध, कर्ज, व्यसन यांविषयी आपण येथे वारंवार बोलत आलो आहोत. आजचा विषय त्या मानाने हलका वाटेल. केशकर्तनालयाच्या दोन फेऱ्यांच्या मध्यंतरी केसांचा रंग व ठेवण घरच्या घरी कशी राखावी, असे काही भगिनींनी विचारले आहे. 'फादर, हा प्रश्न आपणांस विचारावा की नाही, असे वाटले,' अशी पुस्तीही त्यांतील एकीने जोडली आहे. अवश्य विचारावा. ज्या गोष्टीपायी घरात पैसा खर्च होतो, कधी रुसवेफुगवे होतात आणि प्रसंगी दवाखान्याची वाट धरावी लागते, ती गोष्ट क्षुल्लक कशी म्हणावी?

हा सारा नटण्यामुरडण्याचा प्रकार आहे, असे म्हणून विषय झटकून टाकणारे पुरुष पुष्कळ आहेत. त्यांनी थोडा विचार करावा. शाळेत, बँकेत किंवा दुकानात काम करणारी गृहिणी सकाळी आरशासमोर उभी राहते, तेव्हा भांगातील पांढरी रेघ तिला प्रथम दिसते. मुले मोठी झाल्यावर चाळिशी उलटल्यानंतर पुन्हा नोकरी शोधू पाहणाऱ्या स्त्रीस ती रेघ अधिकच बोचते, कारण मुलाखतीच्या खोलीबाहेर तिच्या शेजारी पंचविशीतील मुली बसलेल्या असतात. पुरुषांचीही स्थिती फारशी निराळी नाही. मिशीला चोरून कलप लावणारे गृहस्थ आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहेत. दर महिन्यास सलूनमध्ये जाऊन केस रंगवून घेणे मध्यम स्थितीतील संसारास झेपत नाही. म्हणून जवळच्या दुकानातून एखादे पाकीट आणले जाते आणि न्हाणीघरात घाईघाईने लावले जाते. खरे संकट येथेच उभे राहते.

आमच्या धर्मग्रामातील एका मातेची हकीगत सांगतो. पुतण्याचे लग्न दोन दिवसांवर आले होते. तिने 'काळी मेंदी' म्हणून विकले जाणारे एक पाकीट आणले. पाकिटावर हिरव्या पानांचे सुंदर चित्र होते, त्यामुळे वस्तू निर्धोक आहे अशी तिची समजूत झाली. रात्री ती डोक्यास लावली. दुसऱ्या दिवशी कपाळ व कानांमागील कातडी खाजू लागली. लग्नाच्या दिवशी पहाटे तिच्या दोन्ही पापण्या इतक्या सुजल्या होत्या की डोळे उघडेनात, आणि कानांच्या पाळ्यांतून पाणी वाहत होते. घरची मंडळी लग्नास गेली आणि ती मात्र दवाखान्यात राहिली. सुदैवाने औषधोपचाराने आठवड्याभरात सूज उतरली. त्या माउलीने मला एकच सांगितले, 'फादर, इतर बायकांना हे कळू द्या.' आजच्या लेखामागे तिची ही विनंती मुख्यत्वे आहे.

प्रथम केस म्हणजे काय ते समजून घेऊ. कातडीबाहेर दिसणारा केस निर्जीव असतो. जिवंत असते ते कातडीखालील मूळ. केराटिन नावाच्या प्रथिनाचा तो एक धागा असून, कौलारू छपरावर कौले रचावीत तसे त्याच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म खवले असतात. त्या खवल्यांच्या आत केसाचा मुख्य गाभा असतो आणि त्या गाभ्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य असते. वय वाढले की मुळाशी ते द्रव्य तयार होणे मंदावते व अखेर थांबते, आणि केस पांढरा उगवतो. डोक्यावरील केस महिन्यास साधारण एक सेंटिमीटरहून किंचित अधिक वाढतो. म्हणजे आज रंगविलेल्या केसाच्या मुळाशी तीन आठवड्यांत सुमारे पाऊण सेंटिमीटर नवा पांढरा भाग दिसू लागतो. हे गणित ध्यानी धरले की दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, चार ते सहा आठवड्यांनी मुळांस रंग देणे पुरेसे असते. दुसरी, रंग त्या नव्या भागासच द्यावयाचा असतो, संपूर्ण केसास नव्हे. दर खेपेस मुळापासून टोकापर्यंत कलप थापणाऱ्या स्त्रियांचे केस टोकांशी काळेकुट्ट व झाडूसारखे राठ का होतात, याचे उत्तर यात आहे.

बाजारात मिळणारे टिकाऊ कलप बहुतांशी एकाच तत्त्वावर चालतात. पॅरा-फिनिलीन-डायअमाईन, संक्षेपाने पीपीडी, अथवा त्याच्या जातीचा एखादा पदार्थ त्यांत असतो. ऑगस्ट विल्हेल्म फॉन हॉफमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६३ साली या पदार्थाचे वर्णन केले. पुढे १९०७ साली युजीन श्यूलेर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने केसांसाठी कृत्रिम रंग बनविला व त्यातून एक जगप्रसिद्ध कंपनी उभी राहिली. अमोनियासारखे अल्क द्रव्य केसावरील खवले उघडते, रंगाचे बारीक कण आत शिरतात, आणि हायड्रोजन पेरॉक्साईडच्या योगाने तेथेच एकमेकांस जुळून मोठे होतात. मोठे झालेले कण बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून रंग टिकतो. युक्ती मोठी चतुर आहे. परंतु हाच पीपीडी काही माणसांच्या कातडीस मुळीच सोसत नाही. त्याहून कठीण गोष्ट अशी की, वर्षानुवर्षे निर्वेधपणे कलप लावणाऱ्या माणसासही तो एखादे दिवशी अकस्मात बाधू लागतो. 'मी तर दहा वर्षे लावते आहे' हा युक्तिवाद म्हणूनच निरुपयोगी आहे. जत्रेत किंवा समुद्रकिनारी हातावर काढून घेतलेल्या काळ्या मेंदीच्या नक्षीतही हा पदार्थ पुष्कळदा असतो. त्या नक्षीने ज्याच्या हातास फोड आले असतील, त्याने केसांच्या कलपापासून दूरच राहावे.

खरी मेंदी काळा रंग कधीही देत नाही, हे प्रत्येक गृहिणीने पक्के ध्यानात ठेवावे. ती देते तांबूस नारिंगी रंग. पाकिटावर मेंदी लिहिलेले असून जर अर्ध्या तासात केस काळेभोर होत असतील, तर आत मेंदीखेरीज दुसरे काही आहे असे निश्चित समजावे आणि पाकिटाच्या पाठीवरील बारीक अक्षरे भिंगाने का होईना, वाचावीत.

आता चाचणीविषयी. कलपाच्या प्रत्येक खोक्यात ती सांगितलेली असते व बहुतेक जण ती वगळतात. रंगवण्याच्या ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूस, खोक्यातील सूचनेप्रमाणे, थोडेसे द्रव्य लावून ठेवावे. तो भाग लाल झाला, खाजला, सुजला किंवा त्यावर पुरळ उठले, तर तो कलप डोक्यास लावू नये आणि डॉक्टरांस दाखवावे. चाचणी प्रत्येक खेपेस करावयाची असते. लग्नकार्य शनिवारी असेल तर चाचणी त्याच्या आदल्या रविवारीच उरकावी, म्हणजे मध्ये भरपूर अवकाश राहतो. भुवया व पापण्यांस हा कलप कदापि लावू नये, कारण त्यात दृष्टी जाण्याचा धोका आहे. डोक्यास जखम, गळू किंवा चट्टे असतील तर ते बरे होईपर्यंत थांबावे. गरोदर स्त्रीने डॉक्टरांस विचारल्यावाचून काही करू नये. हट्ट धरणाऱ्या शाळकरी मुलामुलींविषयी एवढेच सांगतो की, हा माल १६ वर्षांखालील व्यक्तींसाठी नाही, अशी सूचना युरोपात अशा कलपांच्या वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. आईबापांस नकार देण्यास एवढा आधार पुरे व्हावा.

ज्यांस हा रासायनिक कलप सोसत नाही किंवा नको आहे, त्यांच्यासाठी आपल्याकडे एक जुना मार्ग आहे, मेंदी आणि नीळ. मेंदीच्या पानांतील लॉसोन नावाचे द्रव्य केसातील केराटिनला घट्ट चिकटते. शुद्ध पानांची वस्त्रगाळ पूड घ्यावी, कोमट पाण्यात थोडा लिंबाचा रस घालून ती दह्यासारखी कालवावी आणि झाकून काही तास ठेवावी. वरचा थर गडद झाला की रंग सुटला असे समजावे. आपल्या आया-आज्या मेंदी लोखंडी कढईत भिजवीत व तीत चहाचे पाणी आणि आवळकाठी घालीत. चहा-आवळ्यातील तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग होऊन काळपट छटा येते, हे त्यामागील कारण. केस तेलकट नसावेत. मेंदी दोन ते चार तास ठेवून साध्या पाण्याने धुवावी. प्रथम केस भडक नारिंगी दिसतील, पण घाबरू नये. दोन-तीन दिवसांत तो रंग आपोआप खोल होतो.

तपकिरी किंवा काळा रंग हवा असल्यास मेंदी धुतल्यानंतर निळीच्या पानांची पूड लावावी. येथे एक इशारा आवश्यक आहे. ही नीळ म्हणजे नीळ नावाच्या झुडपाची वाळविलेली पाने होत. पांढऱ्या कपड्यांस देण्यासाठी दुकानात मिळणारी नीळ ही नव्हे. ही पूड साध्या कोमट पाण्यात कालवावी, तीत लिंबू घालू नये, आणि दहा-पंधरा मिनिटांत लावण्यास आरंभ करावा, कारण तिचा जोर फार काळ टिकत नाही. तास-दीड तासाने धुतल्यावर केसांवर हिरवट झाक दिसते. ती एक-दोन दिवसांत जाऊन गडद रंग बसतो, म्हणून तेवढे दिवस शांपू लावू नये. हा सारा खटाटोप अर्ध्या दिवसाचा आहे आणि रंगही कलपाइतका एकसारखा येत नाही. परंतु ज्यांस कलप बाधतो त्यांस तो उपयोगी पडतो. अर्थात पाकिटात निव्वळ पानांचीच पूड आहे याची खात्री हवी, आणि पाने वनस्पतीची असली तरी त्यांचीही चाचणी करून घ्यावी. लहान बालकांस मात्र मेंदी लावू नये. जी६पीडी नावाच्या घटकाची जन्मतः उणीव असलेल्या मुलांच्या रक्तातील तांबड्या पेशी मेंदीमुळे फुटू शकतात, आणि ही उणीव आपल्या देशात काही कुटुंबांत आढळते.

खोक्यातील कलप वापरणाऱ्यांसाठी कृती थोडक्यात देतो. खिडकी उघडी ठेवावी. अंगावर जुने कापड घ्यावे व हातमोजे घालावेत. कपाळाची कड, कान व मान यांवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवावा, म्हणजे कातडीवर डाग पडत नाहीत. मिश्रण काचेच्या किंवा प्लास्टिकच्या वाटीत करावे, धातूच्या भांड्यात करू नये. केसांचे चार भाग पाडून चिमटे लावावेत आणि जेथे पांढरे केस अधिक, बहुधा कानशिलांवर व कपाळालगत, तेथून प्रारंभ करावा. ब्रशने फक्त नवीन उगवलेल्या भागावर रंग लावावा. घड्याळ समोर ठेवावे. खोक्यावर जितकी मिनिटे लिहिली असतील तितकीच ठेवावीत. अधिक वेळ ठेवल्याने रंग अधिक टिकतो हा भ्रम आहे. खालच्या केसांचा रंग अगदीच उडाला असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत कंगव्याने थोडे द्रव्य खाली ओढावे. नंतर पाणी स्वच्छ येईपर्यंत कोमट पाण्याने धुवावे. उरलेले मिश्रण बाटलीत भरून बूच लावून ठेवू नये. आत वायू साठून बाटली फुटण्याची भीती असते. पैसे वाया जातात म्हणून हळहळणाऱ्यांनी पुढील खेपेस अर्धेच मिश्रण करावे, व उरलेली दोन द्रव्ये निरनिराळी, बंद ठेवावीत. मुळांपुरते काम असल्यास एक खोके सहज दोन वेळा पुरते.

लावलेला रंग टिकविणे हाही काटकसरीचाच भाग आहे. रंग दिल्यावर दोन दिवस डोके धुऊ नये. पुढेही कढत पाणी टाळावे व शांपू बेताचा वापरावा. ग्वाल्हेर-इंदूरकडील उन्हाळ्यात डोक्यावर पदर, ओढणी अथवा टोपी असावी, कारण ऊन केसांचा रंग उडविते. बोअरच्या जड पाण्यात शांपूला फेस येत नाही व केस चिकट-राठ होतात, हा अनुभव हैदराबादेकडील कित्येक घरांत आहे. तेथे शेवटचे एक-दोन तांबे तरी गोड्या पाण्याचे घ्यावेत. गोव्याकडील वाचकांनी समुद्रस्नानानंतर केस साध्या पाण्याने लगेच धुवावेत. नहाण्यापूर्वी खोबरेल लावण्याची आपली रीत मात्र जरूर राखावी. रेळे व मोहिले या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेलाने केसातील प्रथिनाची झीज कमी होते, असे दिसून आले. सूर्यफुलाच्या व खनिज तेलात तो गुण त्यांस आढळला नाही. आजीबाईंचा बटवा या एका बाबतीत प्रयोगशाळेत उतरला, असे म्हणण्यास हरकत नाही.

आणि एक बिनखर्ची युक्ती. रंगास पंधरा दिवस अवकाश असेल तर भांग बदलावा. डावीकडचा भांग उजवीकडे घेतला, किंवा सरळ रेघ न पाडता केस सैल मागे घेऊन अंबाडा घातला, की पांढरी रेघ बव्हंशी झाकली जाते.

आता कात्रीकडे वळू. येथे मला थोडा अधिकार आहे. आम्ही सेमिनरीत असताना एकमेकांचे केस कापीत असू. पूर्वीच्या काळी पुरोहितपदाच्या वाटेवरील तरुणांचे थोडे केस विधिपूर्वक कापले जात. तो विधी पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली रद्द केला. आमच्या केशकर्तनात विधी काहीच नव्हता, होती ती निव्वळ काटकसर. शनिवारी दुपारी व्हरांड्यात एक स्टूल, एक चादर आणि एक यंत्र, एवढीच सामग्री असे. तेथे शिकलेली पहिली गोष्ट ही की, कापलेला केस परत जोडता येत नाही, तेव्हा थोडे कापून आरशात पाहावे व मग पुन्हा थोडे कापावे.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली व महाराष्ट्रातील केशकर्तनालये २८ जूनपर्यंत उघडली नाहीत, तेव्हा घरोघरी हा धडा गिरविला गेला. कित्येक बापांनी मुलांचे केस आयुष्यात प्रथमच त्या तीन महिन्यांत कापले. काहींच्या डोक्यांवर पायऱ्या पडल्या, घरात हशा पिकला, आणि काहींच्या हातास हे काम असे बसले की ते आजही करीत आहेत.

साधने नीट हवीत. स्वयंपाकघरातील किंवा शिवणाची कात्री केस कापीत नाही, चिरडते, आणि चिरडलेले टोक लवकर फाटते. केसांसाठी लहान, धारदार कात्री निराळी घेऊन ठेवावी व तिने कागद कापण्यास घरातील मुलांस मनाई करावी. केस दुतोंडी झाले म्हणजे कोणत्याही तेलाने अथवा औषधाने ते सांधले जात नाहीत. तेवढे टोक कापून टाकणे हाच उपाय. कापल्याने केस जोमाने वाढतात हा समज मात्र खरा नाही. वाढ मुळाशी होते, टोकास काय झाले याची मुळास वार्ताही नसते. बाळाचे जावळ काढल्याने केस दाट येतात, हाही त्याच माळेतील मणी.

लांब केसांची टोके कापताना केस ओलसर करून, गुंता काढून, मधोमध भांग पाडावा व दोन्ही भाग पुढे खांद्यांवर घ्यावेत. प्रत्येकास रबरी बंध बांधून तो सरळ खाली ओढीत न्यावा आणि बंधाखालील अर्धा इंच भाग कापावा. दोन्ही बाजू हनुवटीखाली जुळवून पाहाव्यात. कुरळे केस कोरडेच कापावेत, कारण ते ओले असता लांब दिसतात व वाळल्यावर वर चढतात. कपाळावरील झुलपांस हाच नियम लागू. ओली झुलपे भुवयांच्या रेषेत कापली की वाळल्यावर अर्ध्या कपाळावर जातात व मुलगी आठवडाभर शाळेस जाण्यास कुरकुरते. कात्री आडवी न धरता उभी धरून टोकांस थोडे थोडे कातरावे, म्हणजे कड नांगरल्यासारखी दिसत नाही.

मुलगे व पुरुष यांसाठी विजेचे यंत्र सोयीचे. त्यास लावावयाच्या फण्यांवर आकडे असतात. साधारणतः १ म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, २ म्हणजे ६, ३ म्हणजे १० व ४ म्हणजे १३. मोठ्या आकड्यापासून आरंभ करून खाली यावे. कान दुमडून धरावा. मानेवरची लव स्वच्छ करावी, परंतु केसांची नैसर्गिक रेषा वर चढवू नये, नाहीतर आठ दिवसांत तेथे खुंट दिसतात. काम झाल्यावर पात्यावरील केस ब्रशने झाडून, स्पिरिटने पुसून, तेलाचे दोन थेंब द्यावेत. उघडा वस्तरा घरी हाती धरू नये, आणि एकाचे ब्लेड दुसऱ्यास कधीही वापरू नये. रक्ताच्या सूक्ष्म थेंबातून कावीळ ब व क आणि एचआयव्ही यांचा प्रसार होऊ शकतो.

घरातील आजारी व अंथरुणास खिळलेल्या वृद्धांचा विचार येथे विशेष करावयास हवा. त्यांस केशकर्तनालयात नेता येत नाही. मी आजाऱ्यांच्या भेटीस जातो तेव्हा कित्येक ठिकाणी आजीचे केस मागे उशीस घासून जटा झालेले दिसतात, तर कित्येक ठिकाणी सोयीसाठी ते एके दिवशी तिला न विचारता मुळापासून कापलेले असतात. कापणाऱ्या लेकीसुनेचे कष्ट मी जाणतो. परंतु साठ वर्षे जिने अंबाडा घातला, ती भिंतीकडे तोंड करून रडते, हेही मी पाहिले आहे. म्हणून आधी विचारावे. जटेवर तेल सोडून, टोकाकडून वर असा हळूहळू गुंता काढावा आणि वेणी मानेखाली न येता एका खांद्यावरून पुढे येईल अशी सैल घालावी. कापणे अपरिहार्य असेल तर किती कापावयाचे ते तिला हाताने दाखवावे, तिची मान मिळाल्यावर कापावे, आणि नंतर हाती आरसा द्यावा. आजोबांची दाढी-कटिंग रविवारी सकाळी नातवाने केली, तर तेवढीच दोघांची गाठ पडते.

घरी काय करू नये, तेही सांगितले पाहिजे. काळ्या केसांस फिका रंग आणण्यासाठी ब्लीच करणे, केस रसायनांनी सरळ करविणे, किंवा धातूचे क्षार मिसळलेली तथाकथित मेंदी लावलेल्या केसांवर पेरॉक्साईडचा प्रयोग करणे, ही कामे घरची नव्हेत. त्यांत टाळू भाजते व केस तुटून हाती येतात. ती जाणत्या कारागिरावर सोपवावीत. घरच्या डागडुजीने सलूनच्या फेऱ्या कमी कराव्यात, बंद करू नयेत, असे माझे मत आहे. मूळ ठेवण तेथून नीट करून घेतली तरच घरची कात्री तिच्या मागे चालू शकते. शिवाय टाळेबंदीत ज्यांची चूल थंडावली त्यांत गावोगावचे नाभिक बांधवही होते, हे विसरून चालणार नाही. घरी कात्री चालवून पाहिल्यावर त्यांच्या हाताची किंमत अधिकच कळते. हा व्यवसाय हलका नव्हे. महाराष्ट्राच्या संतमंडळीत सेना महाराज याच व्यवसायातील, आणि १९६२ साली ज्यांस संतपद दिले गेले ते लिमा नगरीचे मार्टिन द पोरेस हेही तरुणपणी न्हाव्याचे व जखमा बांधण्याचे काम शिकलेले होते.

याच व्यवसायातील मुंबईच्या मंडळींनी १८९० साली विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पाठीशी उभे होते. त्या काळी स्त्रीच्या केसांचे काय करावयाचे हे तिच्याखेरीज इतर सर्वजण ठरवीत. आज तशी सक्ती उरली नाही, परंतु तिची सावली मधूनमधून घरात पडते. 'या वयात कलप शोभतो का?' असे एका घरात म्हणतात. 'आई, केस रंगव, माझ्या मित्रांसमोर म्हातारी दिसतेस,' असे दुसऱ्या घरात म्हणतात. दोन्ही वाक्ये सारखीच टाकाऊ आहेत. ज्या स्त्रीस रंगवावेसे वाटते तिने लाजू नये, आणि जिने पांढरे केस तसेच ठेवले तिला कोणी आळशी म्हणू नये. ज्यांस रंग सोडून द्यावयाचा आहे त्यांनी केस थोडे आखूड करून घ्यावेत. दरमहा सेंटिमीटरभराच्या हिशेबाने खांद्यापर्यंतचा रंग पूर्ण निघून जाण्यास दोन वर्षांच्या आसपास लागतात. तेवढा काळ घरच्यांनी टीका न करता काढावा, एवढीच अपेक्षा.

पतिराजांस एक विनंती करून थांबतो. डोक्याच्या मागील बाजूस स्वतःचा हात व स्वतःची नजर पोचत नाही. पत्नी आरशासमोर दोन आरसे धरून धडपडत असेल, तर वर्तमानपत्र बाजूस ठेवावे, हातमोजे चढवावेत आणि मागचा तेवढा भाग आपण रंगवून द्यावा. आधी मात्र चाचणी दोन दिवसांपूर्वी केली होती की नाही, हे तिला विचारावे. केली नसेल तर त्या दिवशी खोके उघडू देऊ नये.